एम.ए.ची पुस्तकं : छापील घ्यावीत की पीडीएफ?

दूरशिक्षणाचा प्रवेशअर्ज भरताना एका रकान्याशी हात थांबतो: अभ्याससाहित्य छापील हवं की डिजिटल? इग्नूत डिजिटल निवडलं तर फीमध्ये 15 टक्के सवलत मिळते, त्यामुळे मन तिकडे झुकणं साहजिक आहे. माझं विद्यापीठ वेगळं होतं. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला मी डिजिटल घेतलं, दुसऱ्याला छापील.

पहिलं वर्ष वाया गेलं असं मुळीच नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर वाचन व्हायचं. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले, प्रबंध छापील कुठून मिळणार होते? इंग्रजी लेखांसाठी मी आजही फोनच उघडतो.

घोडं अडलं ते मराठीत. परीक्षेच्या आठवड्यात 1875 च्या दख्खनच्या दंग्यांवर टिपण काढत होतो. सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तिथपासून शेतकऱ्यांना दिलासा देणाऱ्या 1879 च्या कायद्यापर्यंतचा धागा एका परिच्छेदात छान मांडलेला होता, एवढं पक्कं आठवत होतं. फाइलमध्ये 'सावकार' शोधलं. एकही नाही. प्रकरणभर सावकारच सावकार, आणि उत्तर शून्य! एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली तेव्हा उलगडा झाला: तिथे उमटली ती नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. मजकूर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतलं अक्षर सगळ्या यंत्रांना सारखंच ओळखता येणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. डोळ्यांना मराठी दिसतं, फोनच्या लेखी ते मराठी नसतंच. दुसऱ्या एका फाइलीत युनिकोड होतं, तर पहिली वेलांटी जागा सोडून भलत्याच अक्षरापुढे बसायची. तिसरी नुसती स्कॅन केलेली. रात्री दीड वाजेपर्यंत अंगठ्याने पानं सरकवत बसलो. अंध विद्यार्थी याच फाइली वाचकयंत्राकडून ऐकायला जातात तेव्हा त्यांच्या वाट्याला काय येत असेल, या विचाराने फार वाईट वाटलं.

आता छापील पुस्तकांनाही मागे सूची असतेच असं नाही, हे कबूल करायला हवं. पण शेवटचं कोरं पान असतं. वाचता वाचता मी तिथे पेन्सिलीने शब्द आणि पानाचा आकडा टिपत गेलो: रयतवारी 41, सावकार 63, दुष्काळ 88. मार्चपर्यंत माझी स्वतःची सूची तयार झाली. दुसऱ्या वर्षी शोधाशोधीत एकही रात्र गेली नाही. गुणही थोडे वाढले, अर्थात त्याचं सगळं श्रेय कागदाला देता येणार नाही.

घरात जागा नसेल, सारख्या बदल्या होत असतील किंवा अक्षर मोठं करून वाचावं लागत असेल, तर तुमचा हिशेब वेगळा असू शकतो. इंग्रजी माध्यम असेल तर ही अडचण बहुधा येणारही नाही. मराठीतून शिकणार असाल तर रकान्यात खूण करण्याआधी आधीच्या तुकडीतल्या कुणाकडून एक फाइल मागून घ्या आणि तिच्यात 'विद्यार्थी' हा शब्द शोधून बघा. सापडला तर सवलत जरूर घ्या. माझ्याकडच्या पाच फाइलींपैकी एकीत सापडला होता.