५६ अंड्यांचं उबवणी यंत्र: ठाण्यात उबवा, गावात वाढवा

घोडबंदरच्या बाराव्या मजल्यावर खुराडं ठेवता येत नाही. पण गाव मुरबाड-शहापूरकडे, तिथे घरामागे चार गुंठ्यांचं परसू, आजीच्या हाताखालून चालत आलेल्या दहा-बारा गावठी कोंबड्या आणि आपली फेरी फक्त शनिवार-रविवारची, अशी घरं ठाण्यात नि नवी मुंबईत भरपूर आहेत. ५६ अंड्यांचं प्लास्टिकचं घरगुती उबवणी यंत्र अशाच घरांच्या नजरेत भरतं. किंमत सहा ते आठ हजारांच्या घरात, आकार लहान सुटकेसएवढा. झाकणावरचा स्टिकर दुकानागणिक बदलतो, आतला माल मात्र बहुतेक एकच: वर हीटर आणि पंखा, मध्ये अंडी फिरवणारा ट्रे, तळाला पाण्याच्या दोन खाचा आणि तापमान-आर्द्रता दाखवणारा कंट्रोलर.

निकाल आधीच सांगतो. घ्यायला हरकत नाही, पण हे यंत्र कोंबडीचं निम्मंच काम करतं. उरलेलं निम्मं कोण करणार हे ठरल्याशिवाय पैसे टाकू नका.

यंत्र आणल्या आणल्या अंडी भरायची घाई नको. एक दिवस रिकामं चालवा. कंट्रोलर बहुतेक वेळा ३८ अंशांवर लावून येतो. पंख्याच्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ हवं. शिवाय सेन्सर पंख्याच्या तोंडाशी लोंबत असतो, त्यामुळे पडद्यावर ३७.७ दिसलं म्हणजे अंड्यापाशी तेवढंच आहे असं समजू नका. त्यासाठी वेगळं महागडं उपकरण लागत नाही. घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. तो अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर मध्ये आणि चारही कोपऱ्यांत धरा. तो सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून दर वेळी बंद करून पुन्हा चालू करायचा. कोपरा अर्धा अंश थंड निघाला तर चालतं. एक अंशाचा फरक असेल तर दर दोन दिवसांनी मधली अंडी कडेला आणि कडेची मध्ये घ्या. तापमान सतत अर्धा अंश जास्त राहिलं तर पिल्लं विसाव्याच दिवशी बाहेर येतात, बारकी, बेंबी नीट न मिटलेली. कमी राहिलं तर बावीसाव्या दिवसापर्यंत रेंगाळतात, पोट फुगलेलं आणि पायात जोर नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र या यंत्राचं माहितीपत्रक ठाण्याच्या हवेला अजिबात लागू पडत नाही. ‘पहिल्या दिवसापासून एक खाच भरलेली ठेवा’ असं त्यात छापलेलं असतं. जुलैत आपल्याकडे २८ अंशांच्या हवेत ८५ टक्के आर्द्रता सहज असते. तीच हवा यंत्रात शिरून ३७.७ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. पहिल्या १८ दिवसांना हवी तेवढीच. म्हणजे पावसाळ्यात तोवर एक थेंबही पाणी घालायचं नाही! घातलं की अंड्यातलं पाणी उडत नाही, मोठ्या टोकाची हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू शेवटच्या दिवशी आतल्या आत गुदमरतं. एकविसाव्या दिवशी न फुटलेलं अंडं फोडून पाहिल्यावर ओलंचिंब, सुजल्यासारखं पिल्लू दिसलं तर दोष कोंबड्याचा नाही, त्या खाचेतल्या पाण्याचा आहे. जानेवारीत गणित उलटं. बाहेर २२ अंश आणि ५५ टक्के असेल तर आत जेमतेम २२ टक्के उरतात. तेव्हा दोन्ही खाचा भराव्या लागतात, तरी कधी कधी ओला स्पंज ठेवायची वेळ येते.

या यंत्रातला आर्द्रतेचा आकडा तापमानापेक्षाही बेभरवशाचा असतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा बरा. दहा अंडी एकत्र तोला. सुरुवातीला ४०० ग्रॅम भरली असतील तर अठराव्या दिवशी ३५० च्या जवळ यायला हवीत, म्हणजे ११ ते १३ टक्के घट. नवव्या दिवशी निम्मी घट झालेली दिसली पाहिजे. कमी झाली असेल तर पाणी काढा, जास्त झाली असेल तर वाढवा.

ट्रेची एक खोड आहे. त्याचे खाचे फार्मच्या ५५-६० ग्रॅमच्या अंड्यांच्या मापाचे. गावठी अंडं चाळीस ग्रॅमच्या आगेमागे, त्यामुळे ट्रे कलला की ते नीट न फिरता खुळखुळतं आणि शेजारच्याला ठोकर देतं. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी दुमडून प्रत्येक खाच्यात अडकवली की काम भागतं. ट्रे दर दोन तासांनी फिरतो, ते पुरेसं आहे. अंड्यावर पेन्सिलीनेच तारीख घाला, पेनने नाही.

आता वारांचा हिशेब. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, म्हणजे बरोबर तीन आठवडे. ज्या वारी भरलं त्याच वारी पिल्लू. शनिवारी-रविवारी गावी जाणाऱ्यांनी गुरुवारी रात्री भरावं. तीन आठवड्यांनी गुरुवारी रात्री नि शुक्रवारी पिल्लं निघतात, यंत्रातच सुकतात आणि शनिवारी सकाळी कल्याणहून मुरबाडच्या एसटीत बसतात. पोटात उरलेल्या बलकावर ती दोन दिवस सहज तगतात, मात्र ४८ तासांच्या आत पाणी मिळालं पाहिजे. खोक्याला चारही बाजूंनी भोकं, तळाला पेंढा. खाली गुळगुळीत कागद घातला तर पाय फाकतात. अंडी आणतानाही याच वारांचा विचार करा. गावाकडच्या माणसाला सांगायचं की गुरुवारपासूनचीच अंडी बाजूला ठेव. रविवारी ती ठाण्यात येतात आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यात जुनं अंडं सात दिवसांचं असतं, त्यापुढे उगवण घसरते. मधल्या चार दिवसांत फ्रिज नको, तो फार थंड. निमुळतं टोक खाली करून माठाशेजारी सावलीत ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र हे जमत नाही, तेव्हा भरणीच टाळलेली बरी.

यंत्र गावी न ठेवता ठाण्यात का, असं कुणीही विचारेल. कारण वीज. गावी पावसाळ्यात तार तुटली की रात्रभर अंधार. वीज दोन-तीन तास गेली तर बहुतेक गर्भ तगतात, पण पहिला आणि तिसरा आठवडा यांत फरक आहे. पहिल्या आठवड्यात यंत्रावर घोंगडी टाका, ऊब टिकेल. पंधराव्या दिवसानंतर पिल्लू स्वतःच उष्णता टाकतं आणि त्याला हवा लागते. तेव्हा घोंगडी टाकून भोकं बंद केली तर गारठ्याने नाही, घुसमटून मरतं. शक्य असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारं मॉडेल घ्या. साध्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर ट्रेची मोटर गुरगुरते, तापते आणि काही महिन्यांत बसते. वॉरंटीत मोटर आणि कंट्रोलर धरलेत का, हे घेतानाच विचारा. बिघडतात तेच दोन भाग आणि वगळलेलेही बहुधा तेच.

सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत. स्वच्छ पिवळं दिसलं तर वांझ, काढून टाका. निम्म्याहून जास्त वांझ निघाली तर यंत्राला बोल लावू नका. गावात आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा आहे का ते आधी पाहा. अठराव्या दिवशी ट्रेची मोटर बंद, अंडी जाळीवर आडवी, आर्द्रता ६५ ते ७० टक्के, आणि झाकण बंद म्हणजे बंद. चोच दिसली की झाकण उघडून बघायचा मोह प्रत्येक घरात होतो, मुलं असली की जास्तच. आतली ओल एका फटक्यात जाते, पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि ते अर्ध्यात अडकतं.

इथे यंत्राचं काम संपलं. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेली कोंबडी मात्र एकविसाव्या दिवशी खऱ्या अर्थाने कामाला लागते. ऊब, दाणा कसा टिपायचा, घारीची सावली पडली की कुठे दडायचं, सगळं तीच शिकवते. यंत्राच्या पिल्लांना हे शिकवणारं कुणी नसतं. बल्बखाली वाढवायची तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पन्नास पिल्लांना ६० वॅटचे दोन बल्ब, खाली भाताचं तूस. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय. हे महिनाभर रोज बघणारं माणूस गावी हवं.

त्यापेक्षा जुनी पद्धत आणि यंत्र यांची सांगड घाला. यंत्र भरता त्याच गुरुवारी गावी दोन खुडूक कोंबड्या आठ-आठ अंड्यांवर बसवायला सांगा. टोपलीत राख, वर पेंढा. विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून म्हाताऱ्या बायका त्यात लोखंडाचा तुकडा नि सुकी मिरची ठेवतात, तीही राहू द्या, बिघडत काही नाही. कोंबडीची पिल्लं शुक्रवारपर्यंत निघतात. शनिवारी रात्री अंधारात यंत्रातली पिल्लं एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवा. उजेडात सरकवली तर वेगळ्या रंगाच्या पिल्लाला ती टोचते. अंधारात मोजत नाही. एका कोंबडीखाली एकूण पंधरा, भर पावसात बारा. उरलेली बल्बखाली.

ही युक्ती फक्त खुडूक होणाऱ्या जातीवर चालते, आणि आजीच्या कोंबड्यांची किंमत इथे कळते. ती कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी घालते, पण बारा-पंधरा झाली की बसते. वनराजा किंवा गिरिराजा अशा सुधारित जातीचा कोंबडा कळपात सोडला की अंडी वाढतात, वजन वाढतं आणि दोन-तीन पिढ्यांत बसणारी कोंबडी शोधून सापडत नाही. यंत्र असलं की हे लक्षातही येत नाही, कारण पिल्लं तर निघतच असतात. म्हणून यंत्रात कुठल्या कोंबडीचं अंडं भरलं त्याची नोंद ठेवा. काबरी, तांबडी, उघड्या मानेची, जशी घरात नावं असतील तशी अंड्यावर खूण करा आणि फुटायच्या आधी खुणेनुसार जाळीवर पुठ्ठ्याचे कप्पे पाडा. पिल्लाच्या दोन्ही पायांच्या बोटांमध्ये मिळून चार पडदे असतात. बारीक छिद्रांच्या वेगवेगळ्या मांडणीने १६ घराणी ओळखता येतात. आणखी एक: गावदेवाला कोंबडा द्यायचा तो सगळ्यात देखणा द्यायची रीत आहे. रीत पाळा, पण त्याचा सख्खा भाऊ आधीच कळपात राखून ठेवा, नाहीतर दर जत्रेला आपणच आपलं सर्वोत्तम बी संपवतो.

गटारीसाठी कोंबडे हवे असतील तर यंत्र जानेवारीतच भरा. गावठी कोंबडा तयार व्हायला पाच-सहा महिने घेतो. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात थेंबभर. बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या दोन घरांशी दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकच बाटली बर्फात आणा.

प्रत्येक खेपेनंतर जाळी आणि ट्रे साबणाने धुऊन उन्हात वाळवा. पंख्याच्या पात्यांत पिल्लांची लव अडकते, ती जुन्या टूथब्रशने काढा. काढली नाही तर पुढच्या खेपेला पंखा मंदावतो, कोपरे थंड पडतात आणि कंट्रोलर मात्र ३७.७ दाखवत राहतो.