सीईटीच्या तयारीसाठी बालभारतीची पुस्तकं: अकरावी आणि बारावीभर वापरल्यानंतर

सध्या मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंग वगैरेंची प्रवेश परीक्षा, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटातून दिली होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि नंतर तालुक्याच्या गावातलं ज्युनिअर कॉलेज. इंटिग्रेटेड कॉलेज (कॉलेज आणि क्लास एकत्र) घेतलं नाही, बारावीची परीक्षा झाल्यावरचा क्रॅश कोर्सही लावला नाही. अकरावीच्या जूनपासून सीईटीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ सगळ्यात जास्त वेळ असलेली वस्तू म्हणजे बालभारतीची फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सची पुस्तकं. गावाकडची मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील मला विचारतात, 'बोर्डाच्या पुस्तकावर सीईटी निघते का?' म्हणून हा अनुभव नीट लिहून काढला.

माझं उत्तर असं: केमिस्ट्री जवळजवळ पूर्ण निघते. मॅथ्स निघतं, पण पुस्तक वापरायची पद्धत बदलावी लागते. फिजिक्सला पुस्तक पाया देतं, वरचा सराव दुसरीकडून आणावा लागतो.

आधी परीक्षेचं स्वरूप. मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. एकूण २०० गुण आणि त्यातले निम्मे एकट्या मॅथ्सचे. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून ९० मिनिटं आणि मॅथ्सला वेगळी ९० मिनिटं. हिशोब केला तर मॅथ्सच्या एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या एका प्रश्नाला फक्त ५४. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रत्येक विषयात १० प्रश्न अकरावीवर आणि ४० बारावीवर. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, काठिण्यपातळी मात्र जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या तोडीची, असं परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतच म्हटलेलं असतं. या शेवटच्या वाक्यामुळे पुष्कळ जण बोर्डाचं पुस्तक बाजूला सारून थेट जेईईच्या जाडजूड मटेरियलकडे वळतात. धडे या पुस्तकातलेच आहेत, ही अर्धी गोष्ट त्या घाईत मागे पडते.

केमिस्ट्रीपासून सुरुवात करते, कारण तिथे पुस्तकाने मला सगळ्यात जास्त दिलं. ५४ सेकंदांच्या भागात गुण मिळवायचे तर काही प्रश्न वाचताक्षणी सुटायला हवेत आणि ते केमिस्ट्रीतूनच मिळतात. नायलॉन ६ कशापासून बनतं? कॅप्रोलॅक्टम. ब्युना-एसमध्ये ब्युटाडाइनबरोबर काय असतं? स्टायरीन. नॅनो पदार्थांचा आकार किती? १ ते १०० नॅनोमीटर. ही माहिती पुस्तकात साध्या सरळ वाक्यांत दिलेली आहे. ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीचा शेवटचा धडा तर ज्युनिअर कॉलेजात फेब्रुवारीच्या गडबडीत बहुतेक ठिकाणी 'घरी वाचून घ्या' म्हणून सुटतो. तो खरंच घरी वाचून घ्या. एका दुपारचं काम आहे आणि त्यावरचे प्रश्न अगदी सरळ असतात. पॉलिमर, बायोमॉलिक्युल्स, १६ ते १८ गटांची मूलद्रव्यं हे धडेही असेच. नोट्सपेक्षा मूळ पुस्तक तीनदा वाचलेलं बरं, कारण नोट्स बनवणाऱ्याने जे वाक्य गाळलेलं असतं नेमकं त्याच्यावर प्रश्न येऊ शकतो.

सॉलिड स्टेटमध्ये साध्या घनाची पॅकिंग एफिशियन्सी (अणूंनी व्यापलेली जागा) ५२.४ टक्के, बीसीसीची (घनाच्या मध्यभागीही अणू) ६८, एफसीसीची (प्रत्येक बाजूच्या मध्यभागीही अणू) ७४. हे आकडे सगळेच पाठ करतात. पण पुस्तकात प्रत्येक रचनेत अणू एकमेकांना कुठे चिकटतात ते आकृतीसकट दाखवलंय: साध्या घनात कडेवर, बीसीसीत घनाच्या आतल्या कर्णावर, एफसीसीत बाजूच्या कर्णावर. ती आकृती स्वतः काढली की अणूची त्रिज्या आणि घनाची कड यांचं नातं आपोआप हाताशी येतं. मग घनता विचारा, त्रिज्या विचारा, काहीही विचारा. सोडवलेली उदाहरणं मी उत्तर झाकून सोडवायचे, वही न घेता, फक्त रफ कागदावर. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे आकडेमोडीची सवय इथेच लावून घेतली. ०.६९३ ला भागायची इतकी सवय झाली की फर्स्ट ऑर्डरचा हाफ-लाइफ तोंडी निघायला लागला.

ऑरगॅनिकमध्ये एक सूचना. बारावीचा हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्जचा धडा उघडण्याआधी अकरावीचे ऑरगॅनिकच्या मूलतत्त्वांचा आणि हायड्रोकार्बन्सचा असे दोन धडे परत वाचा. सीईटीला ते धडे तसेही आहेतच.

अकरावी-बारावीच्या धड्यांची अशी जोडी लावायची पद्धत पुढे मी सगळ्याच विषयांना लावली आणि माझ्या मते ही पुस्तकं वापरण्याची सगळ्यात चांगली रीत हीच आहे. सीईटीसाठी अकरावीचे जे धडे निवडलेत ते बघा. फिजिक्समध्ये ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमीकंडक्टर्स, थर्मल प्रॉपर्टीज, साउंड. यातल्या प्रत्येकाचा पुढचा भाग बारावीत आहे. मॅथ्समध्ये स्ट्रेट लाइनपुढे पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, प्रोबॅबिलिटीपुढे प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, लिमिट्स आणि कंटिन्युइटीपुढे डिफरन्शिएशन. पुष्कळ मुलं अकरावी 'नंतर करू' म्हणून एप्रिलवर ढकलतात आणि तेव्हा ती एक वेगळीच पर्वताएवढी गोष्ट वाटते. बारावीचा धडा शिकवायला घेतला त्याच आठवड्यात अकरावीचा जोडीदार धडा काढला, तर तो अर्ध्या वेळात होतो आणि बारावीचाही सोपा जातो. अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका, कुणाला देऊनही टाकू नका. दिलीच असतील तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात.

आता मॅथ्स. इथे पुस्तक भरपूर सराव देतं. सोडवलेली उदाहरणं, प्रत्येक उपघटकानंतर स्वाध्याय आणि धड्याच्या शेवटी मिसलेनियस एक्सरसाइज, ज्याची सुरुवातच बहुपर्यायी प्रश्नांनी होते. कॉलेजात बोर्डाच्या परीक्षेसाठी याच प्रश्नांचं पूर्ण पायऱ्यापायऱ्यांचं उत्तर लिहायला शिकवतात आणि ते योग्यच आहे, बोर्डात पायऱ्यांना गुण असतात. सीईटीला तोच प्रश्न वेगळ्या नजरेने बघावा लागतो.

एक उदाहरण देते. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये अशा प्रकारचा प्रश्न नेहमी असतो: अंशात एक्सचं वर्गमूळ, छेदात एक्सचं वर्गमूळ अधिक (७ वजा एक्स) चं वर्गमूळ, मर्यादा २ ते ५. बोर्डात गुणधर्म लिहायचा, आय बरोबर अमुक मांडायचं, दोन समीकरणांची बेरीज करायची, टू-आय काढायचा, मग उत्तर. निम्मं पान जातं. पण ती पूर्ण रीत दोन-चारदा मन लावून केली की दिसतं, की दोन्ही मर्यादांची बेरीज ७ आहे, छेदातला ७ तिथूनच आलाय आणि उत्तर म्हणजे मर्यादांमधल्या फरकाचं निम्मं, दीड. दहा सेकंदात प्रश्न संपतो आणि वाचलेले दीड मिनिट एखाद्या अवघड वेक्टरच्या प्रश्नाला मिळतं. हा शॉर्टकट मला कुठल्या क्लासने दिला नाही, पुस्तकातल्याच पायऱ्यांतून तो निघाला. म्हणून माझी पद्धत अशी होती: प्रत्येक गणित आधी बोर्डासाठी पूर्ण लिहायचं, मग त्याच पानाच्या समासात पेन्सिलीने एका ओळीत, कमीत कमी लिहून उत्तरापर्यंत कसं जाता येईल ते टिपायचं. वर्षाच्या शेवटी उजळणीला मी फक्त समास वाचत होते.

सीबीएसईतून सीईटी देणाऱ्यांसाठी ही मॅथ्सची पुस्तकं तर घ्यायलाच हवीत. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स हा धडा सीबीएसईत वापरल्या जाणाऱ्या एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात नाही, मॅथेमॅटिकल लॉजिकही नाही. हे दोन्ही धडे लहान आणि हमखास गुण देणारे आहेत. एक्स वर्ग आणि वाय वर्ग यांच्या सहगुणकांची बेरीज शून्य दिसली की दोन्ही रेषा एकमेकींना लंब, एवढं माहीत असलं तरी काही प्रश्न बघताक्षणी सुटतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतही घेता येतो, पण मॅथ्सचा इंग्रजीतच असतो. त्यामुळे मॅथ्सचं पुस्तक पहिल्या दिवसापासून इंग्रजीतून वाचा. दिवाळीपर्यंत भाषेचं काही वाटेनासं होतं. मीही त्यातूनच गेलेय, म्हणून खात्रीने सांगते.

फिजिक्सबद्दल थोडं मोकळेपणाने. पुस्तक समजावून सांगायला उत्तम आहे. 'कॅन यू रिकॉल', 'डू यू नो', 'युज युवर ब्रेन पॉवर' या चौकटी मुलं सोडून देतात. त्या वाचा, संकल्पनेचे प्रश्न तिथूनच सुचतात. रोटेशनल डायनॅमिक्समध्ये जत्रेतल्या मौत का कुआंचं गणित दिलंय, ते वाचून सेंट्रिपेटल फोर्स म्हणजे काय ते मला पहिल्यांदा खरं कळलं. डेरिव्हेशन तर मुळीच टाळू नका. 'सीईटीला डेरिव्हेशन कुठं येतं?' असं वर्गात कुणीतरी विचारलं, तेव्हा आमच्या सरांनी फळ्यावर दोरीला बांधून उभ्या वर्तुळात फिरवलेला दगड काढला. वर किमान वेग वर्गमूळात आर जी (आर म्हणजे त्रिज्या, जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण), खाली वर्गमूळात पाच आर जी, हे सगळ्यांना पाठ होतं. मग सर म्हणाले, "दगड याहून जोरात फिरवला, तर दोरीच्या खालच्या आणि वरच्या ताणातला फरक किती?" वर्ग गप्प. डेरिव्हेशन मनापासून केलेल्या एका मुलीने सांगितलं, "सर, तेवढाच, सहा एम जी." वर्तुळ पूर्ण होत असेल तर वेग कितीही असो, फरक तोच राहतो, कारण दोन समीकरणांची वजाबाकी करताना वेग निघून जातो. नुसतं सूत्र पाठ असलेल्याला हे दिसत नाही.

पण धड्याअखेरचे बहुपर्यायी प्रश्न फारच मोजके आहेत आणि दोन संकल्पना एकत्र आणणारी गणितं कमी आहेत. जेईई मेनच्या तोडीचा प्रश्न ५४ सेकंदांत सोडवण्याएवढा हात त्यावर बसत नाही. फिजिक्ससाठी एक चांगला प्रश्नसंच घ्यावाच लागतो. घेताना उत्तरसूची तपासून घ्या. मी आधी घेतलेल्या एका खासगी संचात उत्तरं चुकलेली होती आणि आपलंच गणित चुकलं असं समजून मी एकेका प्रश्नावर तास घालवले. दुकानातच उभं राहून, तुम्हाला पक्के येणारे चार-पाच प्रश्न त्यातल्या उत्तरांशी ताडून बघा. सरांना किंवा वरच्या वर्गातल्या दादा-ताईंना विचारलं तर आणखी चांगलं.

जुन्या पेपरांचं म्हणाल तर २०१६ ते २०१८ चे पेपर कागदावर झालेले होते, २०१९ पासून परीक्षा कॉम्प्युटरवर आली. ते जुने पेपर सोडवा, पण बारावीची पुस्तकं २०२०-२१ मध्ये बदलली हे लक्षात ठेवून. तेव्हा वर्तुळ आणि शांकव बारावीत होते, फिजिक्सला कम्युनिकेशन सिस्टिम्स होतं. जे आताच्या पुस्तकात सापडत नाही ते न घाबरता सोडून द्या. घरी कॉम्प्युटर नसेल तर सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये काही मॉक टेस्ट तरी स्क्रीनवर द्याच. स्क्रीनवर वाचून कागदावर गणित करताना मान सारखी वर-खाली होते, आकडे उतरवताना चुकतात, याची सवय पुस्तकाने होत नाही. पहिली ९० मिनिटं संपली की फिजिक्स-केमिस्ट्रीत परत जाता येत नाही, याचीही.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. वेगवेगळ्या शिफ्टमधल्या मुलांची तुलना करण्यासाठी तसं करतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तर तुमच्या शिफ्टमधले ९० टक्के उमेदवार तुमच्याएवढे किंवा तुमच्याहून कमी गुणांवर आहेत. म्हणून मॉक टेस्टमधले गुण बघून रडू नका. माझ्या मैत्रिणींमध्ये रडून अभ्यास सोडलेल्या मुली होत्या आणि त्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांना येत होतं.

पीसीबीवाल्यांसाठी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी): बायोलॉजी मी वापरलेलं नाही, त्यामुळे त्या पुस्तकाबद्दल माझं मत नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीबद्दल वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे. 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा पण देणार असाल तर एनसीईआरटी लागेलच, ते सोडू नका. येत्या जूनमध्ये बारावीच्या वर्गात जाणाऱ्यांनी आधी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची यादी काढून घ्या, अकरावीच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकेत त्या धड्यांवर खुणा करा आणि पहिला बारावीचा धडा सुरू होईल त्याच दिवशी त्याचा जोडीदार धडाही टेबलावर ठेवा.