स्कोअर्स २.०: वेग वाढला, पण तारखा तुम्हीच सांभाळा

शेअर ब्रोकर किंवा शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनी दाद देत नसेल तर बाजार नियामक सेबीचं स्कोअर्स हे तक्रार पोर्टल हाच पहिला रास्त मार्ग. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या आवृत्तीत तक्रार थेट संबंधित संस्थेकडे जाते आणि तिला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जुन्या पोर्टलच्या मानाने ही मोठी सुधारणा.

खरी मेख त्यानंतर आहे. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांत पुनरावलोकन मागायचं. ते ब्रोकरच्या बाबतीत एक्स्चेंजकडे जातं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर पुन्हा १५ दिवसांत सेबीकडे. ही मुदत हुकली की तक्रार बंद! बहुतेक लोक इथेच घसरतात, कारण संस्थेचं गुळमुळीत उत्तर म्हणजे शेवट असं त्यांना वाटतं.

मजकूरही नेमका हवा. ‘ब्रोकरने फसवलं’ या वाक्याला ठरावीक साच्यातलं उत्तर येतं. ‘अमुक तारखेच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमधला (ब्रोकर पाठवतो ती व्यवहारांची नोंद) विक्रीचा व्यवहार मी सांगितलेला नाही, ऑर्डरचं रेकॉर्डिंग द्या’ असं लिहिलं की टाळाटाळ अवघड होते. सोबत लेजर (ब्रोकरकडचा खातेउतारा) आणि आधी ब्रोकरला केलेला ईमेल जोडा. घटनेला वर्ष उलटलं असेल तर पोर्टल तक्रार घेत नाही.

उणीव एकच, पण मोठी: इथे नुकसानभरपाईचा निवाडा होत नाही. पैशांचा दावा असेल तर स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन तंटानिवारण पोर्टलवर आधी समेट, मग लवाद. मात्र तिकडे गेलात की स्कोअर्सवरची तक्रार निकाली निघते.