‘सगळ्या कारखान्याला चारच ऑइलं’ म्हणत येणाऱ्यापासून सावध राहा

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या छोट्या कारखानदारांनी वाचावं म्हणून हे लिहितोय. ‘तुमच्या ऑइलच्या यादीचा गुंता सोडवून देतो’ असं सांगत फिरणाऱ्या एका सप्लायरने आम्हाला पद्धतशीर लुटलं. सिन्नर आणि गोंद्याकडच्या ओळखीच्या लोकांशी बोललो, तर तिकडेही तो जाऊन आल्याचं कळलं. ऑइलचे पैसे गेले ते गेलेच, पण मशीनची जी वाट लागली त्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा आहे.

गुंता खरा असतो, म्हणूनच माणूस फसतो. आमचं जॉबवर्कचं युनिट आहे, गाड्यांचे पार्ट बनतात. सीएनसी, व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), जुने लेथ, ग्राइंडर, हायड्रॉलिक प्रेस असं सगळं वेगवेगळ्या काळात घेतलेलं. प्रत्येक मशीनच्या पुस्तकात वेगळ्या कंपनीच्या ऑइलचं नाव. स्टोअरमध्ये अर्धी-अर्धी बॅरलं पडून, आणि रात्रपाळीला नवीन पोरगा असला की कुठल्या बॅरलमधलं कुठे ओतेल याचा नेम नाही. अशा वेळी कुणी येऊन ‘चौदाची चार करून देतो, सर्व्हे फुकट’ म्हणालं, तर कुठलाही मालक त्याला खुर्ची देईल.

तो आला तेव्हा पायात सेफ्टी शूज, हातात टॅब. प्रत्येक मशीनच्या नेमप्लेटचे फोटो काढले, टाक्यांची मापं घेतली, आमच्या फिटर काकांशी गोड बोलला. पुढच्या आठवड्यात लॅमिनेट केलेला रंगीत तक्ता घेऊन हजर: लाल, पिवळा, निळा, हिरवा. मशीनवर त्याच रंगाचे टॅग, बॅरलवर त्याच रंगाचे टॅग. दिसायला इतकं नीटनेटकं की आमच्याकडे आलेल्या एका ऑडिटरनेही कौतुक केलं. काकांनी मात्र विचारलं होतं, “बेडला आणि पॉवरपॅकला एकच ऑइल कसं चालेल?” (बेड म्हणजे मशीनचं टेबल ज्यावर सरकतं तो भाग, पॉवरपॅक म्हणजे हायड्रॉलिकचा पंप आणि टाकी.) त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं: “काका, दोन्हीकडे ६८ लिहिलंय ना? मग ६८ म्हणजे ६८.”

सगळी लबाडी या एका वाक्यात होती, म्हणून ते जरा उलगडून सांगतो. बॅरलवरचा ३२, ४६, ६८ किंवा २२० हा आकडा म्हणजे आयएसओ व्हीजी, म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट आहे त्याचं माप. ६८ नंबरच्या ऑइलचं माप ६१.२ ते ७४.८ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) दरम्यान असायला हवं, दहा टक्के इकडे-तिकडे. बस, आकडा एवढंच सांगतो. आत काय मिसळलंय ते त्यातून कळत नाही. हायड्रॉलिक ऑइलमध्ये पंपाची झीज रोखणारी द्रव्यं असतात, त्याला फेस येऊन चालत नाही आणि पाणी चटकन वेगळं व्हावं लागतं. बेड ऑइलला चिकटपणा हवा. टेबल अगदी हळू सरकताना अडखळू नये म्हणून त्यात वेगळी द्रव्यं घातलेली असतात, आणि कुलंटमध्ये (कटिंगच्या वेळी टूल थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मिश्रणात) पडलं तर ते वर तरंगून वेगळं निघालं पाहिजे. गिअर ऑइलमध्ये भारी लोड सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं असतात. पण वर्म गिअरबॉक्सचं (यात स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो) चाक बहुतेक वेळा ब्राँझचं असतं, आणि तापलेल्या ऑइलमधलं तीव्र गंधक ब्राँझ खातं. म्हणून वर्मसाठी ऑइल वेगळं बघून घ्यावं लागतं. त्याच्या तक्त्यात सगळ्या गिअरबॉक्सला एकच पिवळा टॅग होता.

पहिला माल चांगला आला. नामांकित कंपनीची सीलबंद बॅरलं, वर याचा रंगीत टॅग. दर बाजारापेक्षा थोडा कमी. त्यावर विश्वास बसला आणि वर्षाचा दर बांधून घेण्यासाठी आम्ही आगाऊ रक्कम दिली. त्यानंतर बिलावर कंपनीचं आणि ग्रेडचं नाव येणं बंद झालं. नुसतं ‘औद्योगिक ऑइल, लाल’, ‘औद्योगिक ऑइल, निळा’. डेटा शीट (ऑइलच्या गुणधर्मांचा कंपनीचा कागद) मागितली की म्हणायचा, “साहेब, आमचं स्पेशल ब्लेंड आहे, फॉर्म्युला बाहेर देत नाही.” रंगांची यादी मुळात यासाठीच होती. लाल ऑइलचा भाव तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारणार कसा?

अजून एक गोष्ट तो करायचा, ती खास लक्षात ठेवा. आमची रिकामी बॅरलं तो भंगारवाल्यापेक्षा जास्त भावाने परत न्यायचा, मात्र बूच आणि झाकण शाबूत हवं अशी अट. जळकं, म्हणजे वापरून काढलेलं ऑइलही तोच उचलायचा. त्या बॅरलांचं पुढे काय होत असावं, हे आता सांगायला नको.

नुकसान हळूहळू दिसायला लागलं. आधी व्हीएमसी. बारीक फीडवर टेबल अडखळत सरकायला लागलं आणि बोअरची मापं एका पीसला बरोबर, दुसऱ्याला बाहेर. सेटरने प्रोग्राम तपासला, टूल बदलले, बॉलस्क्रूवर संशय घेतला. शेवटी ल्युब्रिकेशन लाइनच्या मीटरिंग नोझल काढल्या, तर त्यात काळा गाळ भरलेला. एका बाजूच्या गाइडवेला (टेबल सरकतं त्या पट्टीला) ऑइल पोचतच नव्हतं. त्याच काळात कुलंट नासायला लागलं. सुट्टीनंतर मशीन चालू केलं की सडक्या अंड्यांचा वास शेडभर. बेड ऑइल वर तरंगून स्किमरमध्ये (वरचं तेल काढून घेणाऱ्या यंत्रात) यायच्या ऐवजी कुलंटमध्ये दुधासारखं मिसळून गेलेलं होतं. ऑपरेटरच्या हातांना खाज सुटली, तेव्हा टाकी रिकामी करून धुवावी लागली. प्रेसचा पंप किंचाळायला लागला, टाकीत फेस. वर्म गिअरबॉक्स उघडला तेव्हा चाकाचे दात काळे पडले होते आणि तळाशी पिवळी चमकदार भुकटी साचलेली. ती काकांनी बोटावर घेऊन मला दाखवली. ते चाक नवीन करायला टाकलं तोपर्यंत कस्टमरकडून दोन लॉट परत आले होते.

काकांनीच मग स्टोअरमधलं न उघडलेलं बॅरल उजेडात ओढलं. बुचावरच्या पत्र्याच्या सीलला पकडीचे ओरखडे होते आणि बॅच नंबरच्या जागी रंग घासलेला. त्यांनी गरम तव्यावर त्या ऑइलचा थेंब टाकला, तो तडतडला. म्हणजे ऑइलमध्ये पाणी. नमुना लॅबला पाठवला. ६८ नंबर म्हणून घेतलेलं ऑइल ४९ सेंटिस्टोक निघालं, पाणी आणि गाळ वेगळाच. एवढ्या टेस्टचा खर्च एका बॅरलच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि नवीन सप्लायरच्या दुसऱ्या-तिसऱ्या लॉटचा नमुना प्रत्येकाने पाठवावाच. पहिला लॉट तपासून उपयोग नाही, तो चांगलाच येतो.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला तुमची मशीन जुनी आहेत, मग म्हणाला तुमच्या माणसांनी भेसळ केली, मग फोन बंद. त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, नोंदणी रद्द दाखवतंय. हा नंबर कुणालाही फुकट तपासता येतो. बिलावर ना ग्रेड, ना बॅच, त्यामुळे दावा करताना वकिलांना धरायला काही सापडत नाही. आगाऊ रक्कम अडकलीच आहे.

ऑइलची यादी कमी करणं चुकीचं आहे असा कुणी अर्थ काढू नये. नंतर एका अधिकृत डीलरचा इंजिनिअर आला, त्याने हेच काम नीट केलं. त्याने सुरुवात मशीनच्या पुस्तकांपासून केली. प्रत्येक जागेला कुठला ग्रेड, कुठला प्रकार, टाकीत किती लिटर, किती तासांनी बदलायचं, हे आधी लिहिलं. दोन कंपन्यांची सारख्या दर्जाची हायड्रॉलिक ऑइलं एक केली, बेड ऑइलं एक केली. स्पिंडल ऑइलला हात लावला नाही, वर्म वेगळा ठेवला. लिथियम ग्रीसमध्ये मोटारीच्या बेअरिंगचं पॉलियुरिया ग्रीस मिसळायचं नाही, हे लाल अक्षरात लिहून दिलं. एका प्रेसला तर त्याने ६८ काढून ४६ सुचवलं, पुस्तकात दोन्ही चालतात म्हणून. निफाडकडे थंडीत पारा एक आकडी होतो, आपल्याकडेही पहाटेच्या पाळीला दाट ऑइल पंपाला ओढवत नाही, असं त्याचं म्हणणं. यादी निम्मी झाली आणि प्रत्येक नावासोबत डेटा शीट आली. तक्त्यावर रंग आहेत, पण रंगाखाली कंपनीचं पूर्ण नाव आणि ग्रेड छापलेला आहे.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, आणि ज्या कंपनीच्या बॅरलचा गैरवापर झाला तिलाही फोटो आणि लॅबचा रिपोर्ट पाठवला आहे. आता रिकाम्या बॅरलला खिळ्याने छिद्र पाडून, लेबल खरवडूनच आम्ही भंगारात देतो. जळकं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं, मॅनिफेस्ट (कचरा कुणी कुणाला दिला त्याची नोंद असलेला कागद) घेऊन. दारात येऊन रोख देणाऱ्याला ते देऊ नका. तुमच्या शेडमध्ये नुसत्या रंगाच्या नावाने आलेलं, ग्रेड न लिहिलेलं ऑइल असेल, तर ते मशीनमध्ये टाकणं आजच थांबवा, बॅरल फेकू नका, बिल आणि सीलचे फोटो जपून ठेवा. तक्रारदार जास्त झाले तर तपासाला जोर येईल.