सी(पीआरए१): फुकटचा, कामाचा फॉर्म, पण घरी सही करू नका

इंग्लंड-वेल्समधल्या अविवाहित बापासाठी कोर्टाचा हा छोटा फॉर्म म्हणजे आई-बापात झालेला करार. आई राजी असेल तर याने बापाला मुलावर पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे पालक म्हणून कायदेशीर हक्क आणि जबाबदारी, मिळते. शाळा, उपचार, देशाबाहेर नेणे अशा गोष्टींत त्याच्या शब्दाला कायद्याने वजन येते. फी शून्य, वकिलाचीही गरज नाही.

मराठी घरांत याची गरज दोन ठिकाणी हमखास पडते. एक, लंडनमध्ये गुरुजींनी लग्न लावले पण कायदेशीर नोंदणी झालीच नाही. सात फेरे झाले तरी तिथल्या कायद्याच्या लेखी ते जोडपे अविवाहित. (भारतात रीतसर लागलेल्या लग्नाला ही अडचण सहसा येत नाही.) दोन, मूल लग्नाशिवाय भारतात जन्मले. पुणे महापालिकेच्या जन्मदाखल्यावर बापाचे नाव असले तरी तेवढ्याने हा हक्क मिळत नाही, कारण चिल्ड्रेन अ‍ॅक्ट १९८९च्या कलम ४ला ब्रिटनमधली जन्मनोंद लागते. मूल इंग्लंडमध्ये जन्मले असेल आणि १ डिसेंबर २००३पासूनच्या नोंदीत बापाचे नाव असेल, तर हा फॉर्म भरूच नका. नाव राहून गेले असेल तर आधी जीआरओ१८५ हा बापाचे नाव जन्मनोंदीत घालण्याचा फॉर्म भरून नोंद दुरुस्त करा. त्यात हक्कही मिळतो आणि दाखल्यावर नावही येते. सी(पीआरए१)ने दाखला बदलत नाही.

फॉर्म परत येतो तो बहुतेक सहीमुळे. घरून सही करून नेला की वाया गेला. दोघांनी जवळच्या फॅमिली कोर्टात जाऊन तिथल्या अधिकृत कर्मचाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर सही करायची. सॉलिसिटरची साक्ष चालत नाही. अनेक कोर्टांत वेळ घेतल्याशिवाय काउंटरवर उभे करत नाहीत, तेव्हा आधी फोन करा. आईने मुलाचा पूर्ण जन्मदाखला न्यावा (इंग्लंडमध्ये जो त्रोटक दाखला मिळतो, त्यावर आई-बापाची नावेच नसतात), आणि दोघांनीही फोटो व सही असलेले ओळखपत्र. मुले दोन असतील तर फॉर्मही दोन.

सह्या झाल्या म्हणजे काम झाले असे समजून फॉर्म कपाटात ठेवणारेही आहेत. मूळ फॉर्म आणि दोन प्रती लंडनच्या हाय होबर्नवरच्या सेंट्रल फॅमिली कोर्टात पाठवायच्या. तिथे नोंद होईपर्यंत करार लागूच होत नाही.

पाचापैकी एक गुण कापतो तो फॉर्मच्या आवाक्यासाठी. वेगळे झाल्यावर मूल कोणाकडे राहणार, म्हणजे आपण ज्याला ताबा म्हणतो, ते यात ठरत नाही. त्यासाठी सी१०० हा वेगळा अर्ज, आणि त्याआधी सहसा मध्यस्थाबरोबर बैठक. आईने सही नाकारली तर हा फॉर्म निरुपयोगी. मग सी१ हा अर्ज भरून कोर्टाकडे आदेश मागावा लागतो. तिथे बापाची बांधिलकी, मुलाशी असलेली जवळीक आणि अर्जामागचा हेतू तपासतात. म्हणून संबंध बरे आहेत तोवरच हे उरकून घ्यावे.

पाचापैकी चार.