शिंपल्याचं 'बी' विकायला कोणी आलं, तर आधी हे वाचा

मोती शेतीत पैसे बुडाल्याच्या बातम्या ऐकून आता सगळेच सावध झालेत. आमच्याकडे गंगाखेडच्या बाजूला आलेला माणूस म्हणूनच मोत्याचं नावच काढत नव्हता. तो शिंपल्याचं बी विकत होता.

बैठक मारुतीच्या सभामंडपात झाली. पडदा, लॅपटॉप, चहा, सगळं साग्रसंगीत. नखाएवढे शिंपले शेततळ्यात सोडायचे, मोठे झाले की ते आपोआप पिल्लं देणार आणि ती पिल्लं कंपनी दरवर्षी बांधावरून उचलणार. कोणीतरी उन्हाळ्याचं विचारलं, तर गडी म्हणाला, "ऊन तर तुमचं भांडवल आहे, दादा! गरम पाण्यात यांची पिल्लं झपाट्यानं तयार होतात."

यात निम्मं खरं आहे, आणि गोम तिथंच आहे.

शिंपल्याची मादी अंडी स्वतःच्या कल्ल्यांत सांभाळते. त्यातून निघणारी अळी मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते. शास्त्रात तिला ग्लोकिडियम म्हणतात. तिला माशाच्या कल्ल्याला नाहीतर पराला चिकटावं लागतं, तेही कुठल्याही माशाच्या नाही, तिला चालणाऱ्याच. तिथं तिच्याभोवती बारीक गाठ धरते, आत तिचा शिंपला होतो आणि मग तो गळून तळाच्या गाळात शिरतो. माशावरचा हा मुक्काम थंड पाण्यात कित्येक आठवडे लांबतो, कोमट पाण्यात थोड्या दिवसांत आटोपतो. गड्यानं एवढंच सांगितलं. मासा गाठण्याआधी अळी पाण्यात सुटी असते, आणि पाणी जितकं गरम तितकी ती लवकर मरते, हे गिळलं. ऊन हद्दीबाहेर गेलं की माशावरच्या अळ्याही कमी जगतात, हेही.

आणि मासा? त्यानंच बजावलं होतं, "तळ्यात मासे सोडू नका, बी खातील." खाली ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, म्हणजे गाळही नाही. अशा तळ्यात पिल्लं होणार कुठून?

तरी आम्ही बी घेऊन तळ्यात सोडलं होतं. पण पिल्लांपर्यंत गोष्ट गेलीच नाही. मे महिन्यात तळं निम्म्यावर आलं. दुपारी वरच्या पाण्यात थर्मामीटर ३५ अंश दाखवायचा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना तो ७ च्या घरात येतो. जिवाची गरज मात्र उन्हासोबत वाढते. आधी लहान शिंपले गेले. तोंडं वासून पडलेले, आत बोट लावलं तरी मिटायचे नाहीत. वास थेट रस्त्यापर्यंत येत होता.

फोन केला तर उत्तर आलं, "करार वाचा." पाचशेच्या बाँडवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : नैसर्गिक मरतुकीस कंपनी जबाबदार नाही. पुढं फोनच बंद.

खरा उलगडा गोदावरीवरच्या भोई मामांनी केला. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मेलेला शिंपला हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाले, "ह्यो गंगेतलाच हाय की! आमच्याच पोरायनं किलोवर दिला व्हता त्याला." आमच्या पावतीवर मात्र 'हॅचरी बी', म्हणजे केंद्रात पैदा केलेलं बी, असं छापलंय आणि दर नगावर लावलाय.

तुमच्या दारी असा कोणी आला तर त्याला एकच विचारा : अळ्या कोणत्या माशावर वाढवल्या, ती टाकी दाखवा. खरी हॅचरी असेल तर माशांशिवाय तिचं चालत नाही. खात्री करायला लांब जायचीही गरज नाही, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. आणि कोणाला मोतीच पिकवायचे असतील तर त्याचं शिक्षण भुवनेश्वरच्या 'सीफा' या सरकारी संस्थेत मिळतं. तिथं चांगल्या वाढलेल्या शिंपल्यावर शस्त्रक्रिया करून आत केंद्रक, म्हणजे ज्याभोवती मोती धरतो तो मणी, बसवतात. नखाएवढ्या शिंपल्याचं तिथं काही काम नाही.

पोलिसांत अर्ज दिलाय. पावत्या, बाँड, फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग जोडलंय. ज्यांच्याकडं असाच बाँड असेल त्यांनी तो फाडू नये, आपापल्या ठाण्यात अर्ज द्यावा. तोच माणूस आता जालन्याच्या बाजूला नव्या नावानं बैठका घेतोय, असं कळलंय.