काडतुसे भरण्यासाठी डिजिटल काटा: शून्यावर परत येणारा तोच खरा

अमेरिकेत अनेक नेमबाज काडतुसाच्या रिकाम्या कवचात (केसमध्ये) नवे प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी), मोजून घेतलेली पावडर आणि गोळी बसवून घरीच काडतुसे तयार करतात; यालाच रीलोडिंग म्हणतात. कोलोरॅडोत राहायला आल्यावर मीही हे शिकलो. (भारतात काडतुसे बनवण्यासाठी शस्त्र कायदा, 1959 नुसार परवाना लागतो, त्यामुळे पुढील मजकूर अमेरिकेतल्या परिस्थितीपुरताच समजावा.) या कामात सर्वांत विचारपूर्वक घ्यायची वस्तू कोणती असे मला विचारले, तर मी प्रेसच्या (काडतुसाचे भाग दाबून बसवणाऱ्या यंत्राच्या) आधी काट्याचे नाव घेईन.

पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात 7000 ग्रेन असतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे 64.8 मिलिग्रॅम. आपल्या सराफी हिशेबात सांगायचे तर एक तोळा म्हणजे 180 ग्रेन आणि एक गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. रीलोडिंगचा साधा काटा 0.1 ग्रेनपर्यंत दाखवतो, म्हणजे गुंजेचा जेमतेम एकोणिसावा भाग. रायफलच्या 42 ग्रेनच्या मात्रेत 0.3 ग्रेनची चूक एका टक्क्याच्याही आत राहते. पण पिस्तुलाच्या साडेचार ग्रेनच्या मात्रेत तीच चूक जवळजवळ सात टक्क्यांची होते, आणि रीलोडिंगच्या मॅन्युअलमधल्या कमाल मात्रेच्या जवळ काम चालले असेल तर एवढ्या फरकाने बंदुकीच्या नळीतला दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो.

माझा पहिला काटा खिशात मावणारा आणि अगदी स्वस्त होता. सोबतचे वजन ठेवले की आकडा चोख दाखवायचा, म्हणून मी निर्धास्त होतो. एका संध्याकाळी तीसेक केस भरून झाल्यावर रिकामे पारडे ठेवले, तर शून्याऐवजी 0.4 दिसले. शून्य कधी सरकले हे कळायला काहीच मार्ग नव्हता, त्यामुळे सगळ्या केस उलट्या करून पावडर पुन्हा डब्यात भरावी लागली. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. पारडे ठेवून काटा शून्य केला की पारडे उचलायचे आणि उणे चिन्हासह जो आकडा दिसेल तो पारड्याच्या कडेवर मार्करने लिहून ठेवायचा. पुढे दर वेळी पारडे उचलले की तोच आकडा दिसायला हवा. तो बदलला की हात थांबवायचा. कुठल्याही काट्याची इतकी सोपी आणि फुकट परीक्षा दुसरी नाही.

त्या काट्याची दुसरी खोड अधिक फसवी होती. चिमटीतून दाणा दाणा सोडत मात्रा पूर्ण करताना आकडा जागचा हलत नसे आणि मग एकदम 0.2 ने उडी घेई. बऱ्याच स्वस्त काट्यांमधील यंत्रणा अत्यंत सावकाश वाढणाऱ्या भाराला स्वतःचीच थरथर समजून तो गिळून टाकते. पारडे उचलून पुन्हा ठेवले की खरा आकडा दिसतो, पण प्रत्येक केसमागे असे करत बसणे कंटाळवाणे आहे.

अखेर पैसे साठवून मी ए अँड डी या जपानी कंपनीचा एफएक्स-120आय घेतला. हा मुळात प्रयोगशाळेचा काटा आहे. त्याची क्षमता 122 ग्रॅम असून तो एक मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजेच ग्रेनमध्ये 0.02 पर्यंत वाचतो. साध्या काट्यात धातूची पट्टी भाराखाली किती वाकली यावरून वजन काढतात. यात विद्युतचुंबकीय बलाने भार तोलून धरला जातो. फरक डोळ्यांना दिसतो: पावडरचा एकच दाणा टाकला तरी आकडा हलतो आणि क्षणभरात स्थिर होतो. वर्षभरात पारड्यावरचा तो उणे आकडा मला पुन्हा लिहावा लागलेला नाही. संगणकाशी जोडण्याची सोय असल्यामुळे आपोआप पावडर सोडणारे यंत्रही त्याला जोडता येते.

मात्र किंमत शेकड्यांनी डॉलर आहे, आणि महिन्याकाठी पिस्तुलाची पन्नास काडतुसे भरणाऱ्याने एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. त्याने चांगला बीम तराजू (दांडीवर वजन सरकवून तोलायचा साधा तराजू) घ्यावा. त्याला ना बॅटरी लागते ना गरम होण्याचा वेळ, आणि डिजिटल काट्यावर शंका आली की पडताळणीसाठी तोच कामी येतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफलची काडतुसे भरणाऱ्याला मात्र एफएक्स-120आयचे पैसे वसूल होतील.

काटा कोणताही असो, तपासणीची वजने वेगळी विकत घ्यावीत आणि त्यांतले एक तरी आपल्या नेहमीच्या मात्रेच्या जवळचे असावे, कारण 50 ग्रॅमला बरोबर असलेला काटा पाच ग्रेनला बरोबर असेलच असे नाही. काटा अर्धा तास आधी सुरू करावा, पंखा व हीटरचा झोत बंद ठेवावा आणि मोबाइल टेबलावरून दूर न्यावा. इथल्या कोरड्या हिवाळ्यात स्थिर विजेमुळे दाणे पारड्याला चिकटतात. कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात ती शीट पारड्यावरून फिरवली की हा त्रास बराच कमी होतो. आणि मोडचे बटण चुकून दाबले जाऊन ग्रेनचे ग्रॅम झालेले नाहीत ना, हे पहिली केस भरण्यापूर्वी पडद्यावर वाचून घ्यावे.